धक्का लागू देऊ नका

शेषराव लाइनमनच्या घरात ‘धक्का’ हा शब्द कोणी सहज तोंडातून काढत नसे. त्याचा बाप भिवाजी धक्क्यानंच गेला होता. थोरला पोरगा विहिरीत गेल्याची बातमी कोणा दीडशहाण्यानं त्याला भर बाजारात ओरडून सांगितली, आणि भिवाजी हातातल्या पिशवीसकट मटकन खाली बसला तो उठलाच नाही. तेव्हापासून शेषरावला त्या शब्दाचा एकच अर्थ ठाऊक. फटफटी खड्ड्यातून गेली की बसतो तो गचका. कानातून आत जाऊन माणसाला आडवा करतो तो धक्का.

आता हे डॉक्टरला कुठून माहीत असणार! तो बाहेरगावचा. वाशीमच्या धर्मशाळेत डोळ्यांचं शिबिर भरलं होतं, ओळीनं खाटा टाकलेल्या, आणि तो एका खाटेवरून दुसरीकडे नुसता पळत होता. शेषरावची माय भागिरथा त्यातल्याच एका खाटेवर उताणी पडली होती. तिचा एक डोळा वावरात कपाशीची पऱ्हाटी उपटताना काडी घुसून कधीचाच गेलेला. उरला होता तो एकच, आणि त्यातला मोतीबिंदू काढून त्यावर पट्टी बांधली होती. हा डोळा वाचला तर माय माणसात, नाहीतर कायमची अंधारात.

“खोकू देऊ नका, वाकू देऊ नका, रडू देऊ नका,” डॉक्टर भराभर म्हणाला. “आणि महिनाभर धक्का बिलकुल लागू देऊ नका. टाके नाजूक आहेत.”

“नाही जी! कोनाले तोंडच उघडू देत नाही मी,” शेषराव छातीवर हात ठेवून म्हणाला.

डॉक्टरनं ते ऐकलं की नाही कोण जाणे. तो पुढच्या खाटेकडे गेला होता.

मायला शिबिरात आणलं होतं ते शेषरावनं आपल्या फटफटीवरूनच. विजेच्या कामाला गावोगाव हिंडावं लागतं म्हणून घेतलेली जुनी गाडी, पण मागच्या स्प्रिंगा अशा नरम की गावाहून, म्हणजे किन्हीराजाहून, निघालेली म्हातारी वाटेतलं मालेगाव येईस्तोवर त्याच्या पाठीवर डोकं टेकून चक्क झोपली होती. धर्मशाळेत तिनं आल्या आल्या बायांना सांगून टाकलं, “माह्या शेषाची गाडी म्हंजे पायना हाय, बाई. लेकराले निजवा त्याच्यात.”

तो पाळणा शेषरावनं त्याच आठवड्यात आपल्या हातानं मोडला. निमित्त झालं जानरावमामाचं.

जानरावमामा अनसिंगचा, भागिरथेच्या पाठचा भाऊ. माणूस कसला, नुसता कल्ला! अनसिंगला हिवाळ्यात शंकरपट भरायचा, बैलजोड्या पळायच्या. यंदा बैल पळून झाले की त्याच पटावर फटफट्या पळवायच्या, असं पंचांनी ठरवलं होतं, आणि हे कळताच मामा सकाळच्या गाडीनं वाशीमला येऊन धडकला.

“भाचा, उतर पटात!”

“माय खाटेवर पडली हाय, मामा. अन् मी पट खेयू?”

“तू काय तिच्या डोयात फुंकर मारून राह्यला? पानाबाई हाय ना तिच्यापाशी.” पानाबाई म्हणजे फूलचंद कापडवाल्याची बायको, शिबिरातल्या म्हाताऱ्यांचं सगळं ती पदर खोचून बघत होती. मामानं मग आवाज खाली आणला. “आपल्या वस्तीतल्या मान्सानं जल्मभर कडेले उभं राहून लोकाइच्या जोड्या पाह्यल्या रे. आपल्याजवळ पटाचे बैल कधी नव्हते. गाडी तं हाय!”

शेषराव उठलाच. तो गाडी घेऊन स्टँडजवळच्या अमरसिंग मिस्त्रीकडे गेला. अमरसिंगनं मागची सीट दोन्ही हातांनी दाबून पाहिली आणि तोंड वाकडं केलं.

“हे सडकेची गाडी हाय, पटाची नोय. बैलांनी चाकोऱ्या पाडून ठेवल्या असतीन तिथं. हे नरम स्प्रिंग बुडाले टेकन अन् गाडी तुले फेकन बाभयीत.”

मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना शॉकअपची नळकांडी, त्यांच्यावर चढवलेल्या स्प्रिंगा, आणि स्प्रिंगेच्या बुडाशी खाचांची कडी. आकडीच्या पान्यानं ती कडी फिरवली की स्प्रिंग दाबली जाऊन कडक होते. पहिली खाच नरम, शेवटची कडक. अमरसिंगनं आधी नुसती कडी शेवटच्या खाचेवर नेली, आणि दोघं स्टेशनापलीकडच्या पडीक वावरात गेले. पहिल्याच चाकोरीत गाडीनं ‘टण्ण’ करून बूड टेकवलं. मग अमरसिंगनं कुठल्याशा मोडक्या भारी गाडीच्या जाड स्प्रिंगा काढून बसवल्या. आता चाक जमिनीला टेकायलाच तयार होईना.

“हे तं टिड्ड्यावानी उड्या मारून राह्यली बे!” शेषराव हातावर फुंकर मारत म्हणाला.

“थांब ना भाऊ. एक खाच कमी करतो, अन् शॉकअपात तेल जाड टाकतो. मंग स्प्रिंग दबन, पन वर येईन ते सावकाश.”

तसं केलं, आणि काय सांगू, गाडी जमिनीला चिकटून पळायला लागली! शेषराव लेकराएवढा खूश झाला. अमरसिंगनं जुन्या नरम स्प्रिंगा बारदान्यात गुंडाळून फळीवर टाकल्या आणि बजावलं, “पट झाला का लगेच घेऊन ये. याच्यावर संसार बसवू नको.”

पट शेषरावनंच मारला. बक्षीस मिळालं ट्रान्झिस्टर. बघायला आलेल्या अमरसिंगनं आणि मामानं मिळून त्याला खांद्यावर घेतलं, मामा बैलवाल्यांच्या घोळक्यातून मुद्दाम नाचत गेला, आणि ओरडून ओरडून त्याचा घसा बसला. “दोन चाकं म्हंजे जोडीच झाली ना! माह्या भाच्याची जोडी!” जन्मभराचं कडेला उभं राहणं त्यानं एका संध्याकाळी फेडून घेतलं. आणि झोपला तो सकाळी उठलाच नाही.

शिबिर उठायचा तोच दिवस. रात्रीच वाशीमला परतलेला शेषराव सकाळी मायचं गाठोडं बांधत होता. एवढ्यात त्याचा चुलतभाऊ देवमन धर्मशाळेच्या ओसरीवर धापा टाकत आला आणि तिथूनच ओरडला, “शेषा, जानरावमामा गेला रे!”

शेषरावनं झडप घालून त्याचं तोंड दाबलं. मामा! काल खांद्यावर घेऊन नाचलेला मामा! पण रडायची सोय नव्हती, आत माय होती. दारात पाण्याची कळशी घेऊन पानाबाई उभी होती. तिनं ऐकलं होतं. शेषरावनं तिला ओठावर बोट ठेवून खूण केली, आणि तिनं मान हलवली.

आता मायला न्यायचं कसं? अनसिंगला मातीला निघालेले किन्हीराजाचे सगळे सोयरे वाशीमच्या स्टँडवर उतरणार. एक जरी बाई मायच्या गळ्यात पडून रडली की झाला धक्का, आणि गेला डोळा. एसटी नकोच. राहिली फटफटी. तिच्यावर मात्र अजून पटाच्या स्प्रिंगा होत्या.

शेषराव धावतच अमरसिंगकडे गेला. दुकानाला कुलूप. शेजारचा पानवाला म्हणाला, “तो गेला ना अनसिंगले. कोनी मयत झालं म्हने, कालच दोस्ती झाली होती त्याची.” नरम स्प्रिंगा त्या कुलपाआड फळीवर पडल्या होत्या. शेषराव कुलूप हातात धरून उभा राहिला. थांबावं तर धर्मशाळेतल्या खाटा उचलायला लागले होते, आणि मामाची माती काही त्याच्यासाठी थांबणार नव्हती.

त्यानं सुचेल ते केलं. छिन्नी लावून दगडानं ठोकून कडी पहिल्या खाचेवर आणली. स्प्रिंगा जाडच्या जाड, तेलही जाड, नुसत्या कडीनं काय होणार होतं! पण मनाला तेवढंच समाधान. मग सीटवर गोधडीची घडी बांधली. “कंबर दुखन जराशी, शेकून काढू,” तो स्वतःशी म्हणाला. अरे लेका, कंबरेचं काय घेऊन बसलास!

रस्त्याची गिट्टी उघडी पडलेली. एकेक खड्डा आला की सीट म्हातारीला वर फेकायची आणि दगडावर आपटल्यासारखी खाली घ्यायची. हडकुळं अंग, वजन ते काय तिचं! आणि शेषरावचं अर्धं चित्त अनसिंगला. गाडी तो नेहमीपेक्षा जोरानंच पळवत होता.

“गचके बसून राह्यले का वं माय?”

“नाई बापा. चाल तू.”

एरवी वाटेतल्या बाभळीबद्दलसुद्धा बोलणारी बाई, आज गप्प. एका हातानं तिनं त्याचा सदरा मुठीत धरला होता, दुसरा तळवा पट्टीवर दाबून धरला होता. बरंच झालं, शेषरावच्या मनात आलं, हिले काहीच कयलं नाही.

घरी पोचताच त्यानं बायकोला, अंजनाला, कोपऱ्यात घेऊन सगळं सांगितलं, गल्लीला ताकीद दिली आणि तसाच उलट निघाला. अनसिंगला पोचला तेव्हा माणसं माती देऊन परतत होती. मामाचं तोंडही दिसलं नाही.

पुढचा महिना त्या घरानं जे सोंग केलं ते दुश्मनावर येऊ नये. सुतकी चेहऱ्याची बाई दारात दिसली की अंजना ट्रान्झिस्टरचा कान पिळायची, आणि मामाच्या दुःखात असलेल्या घरात मोठ्यानं गाणी वाजायची. आतून म्हातारी म्हणायची, “बंद कर वं पोरी तो रेडू.” एवढंच. जिच्या तोंडी उठता-बसता जानराव, ती भावाचं नावसुद्धा काढत नाही, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही. पट्टी अधूनमधून लालसर भिजायची. विचारलं तर म्हणायची, “ठनकते जरासं. भरून येत असन जखम.” डॉक्टर महिन्यानं येणार होता, त्याआधी कोणाला दाखवणार?

दरम्यान अमरसिंगनं नरम स्प्रिंगा बसवून दिल्या. महिना झाल्यावर शेषराव मायला त्या पाळण्यात बसवून अगदी हळूहळू वाशीमला घेऊन आला.

डॉक्टर फूलचंदच्या ओसरीवर रोगी तपासत होता. त्यानं पट्टी सोडली, बॅटरी मारली, पुन्हा मारली.

“आजी, उजेड दिसतो का?”

“नाई जी.”

डॉक्टर शेषरावकडे वळला. “धक्का लागला होता का हिला?”

“नाही जी!” शेषराव तडफेनं म्हणाला. “घरात मयत झालं, तरी तिच्या कानावर जाऊ…” आणि मायसमोर आपण काय बोललो हे कळून त्यानं जीभ चावली.

“मयताचा काय संबंध?” डॉक्टर चिडला. “धक्का म्हणजे हादरा! टाके उसवलेत, आत रक्त साकळलंय. इथून नेलं कशातून तुम्ही हिला?”

शेषरावनं बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं. त्याच्या तोंडून शब्द फुटायच्या आत भागिरथाच बोलली.

“पायी गेली जी मी. दमादमानं.”

“किन्हीराजाला? पायी?”

“हव जी. पोराची काही गलती नाही.”

डॉक्टरनं तिच्याकडे बघितलं, शेषरावकडे बघितलं, आणि बॅटरी विझवली. हा डोळा आता येणार नाही, एवढंच तो म्हणाला.

बाहेरच्या पायरीवर शेषराव मायला घेऊन बसला. गाडीकडे बघवत नव्हतं. त्यानं तिचे दोन्ही हात धरले आणि ढसाढसा रडायला लागला. “माय, मामा गेला वं. तुले धक्का लागन म्हनून लपवलं. अन् मीच तुले त्या गाडीवर…”

“माईत हाय मले,” भागिरथा म्हणाली. “तू गाडी पाह्याले गेला तवाच पानाबाईनं कानात सांगतलं. म्हनली, भाऊ गेला तुहा, सख्खी बहीन हायेस, तुले कयाले पाह्यजे. पन रडू नको, डोया जाईन.”

“मंग तू बोलली काहून नाही? हळू चाल तरी म्हनाचं होतं!”

“तू गाडी पयवून राह्यला होता. वाटलं, पोराले मामाच्या मातीले पोचाचं हाय. कायले अडवू?” तिनं चाचपत त्याचा चेहरा शोधला आणि पदरानं पुसला. मग तिचा आवाज बारीक झाला.

“महिनाभर एक टिपूस नाही काढलं मी, बापा. जानरावसाठी पन नाही. या डोयासाठी समदं आत धरलं.” तिनं पदर तोंडाशी नेला. “आता रडली तं चालते ना रे?”