उसन्या अळ्या

बोळिंजच्या त्या सोसायटीत आशालता केळुसकरांच्या स्वयंपाकघराला जो मान होता, तो चेअरमनलाही नव्हता. तांदळाला बोरिक पावडर, डाळीत तमालपत्र, रवा आणला की आधी कोरडा भाजायचा आणि मगच डब्यात. त्यांच्या डब्यात डोकवायला मिळालेला किडा अजून जन्माला यायचा होता.

अशा बाईच्या बाल्कनीत तिच्या पोटच्या पोराने पक्षी आणून ठेवले. विघ्नेशच्या स्वतःच्या लग्नाचं नाव काढलं की तो कानात हेडफोन घाली. पक्ष्यांचा जोडा मात्र त्याने हौसेने जमवला होता. आफ्रिकेतले निळ्या पोटाचे फिंच. आकाराने चिमणीच्या निम्मे, घाण कावळ्याच्या दुप्पट. आता घरट्यात तीन पिल्लंही झाली होती. पिल्लं म्हणजे काय, तर सोललेली कोळंबी, जिला चोच फुटली आहे.

कंपनीच्या कामासाठी हैदराबादला निघताना विघ्नेश म्हणाला, "आई, त्या निळ्या डब्यातलं खाणं चमचाभर घालत जा. पिल्लं मोठी व्हायची तर तेच लागतं."

खाणं कसलं, हे त्याने सांगितलं नाही. इतकी वर्षं तो आईला ओळखत होता.

तो गेल्यावर आशालताबाईंनी डबा उघडला. आत कोंडा होता, पण तो जागच्या जागी हलत होता. पिवळ्या, चकचकीत अळ्या एकमेकींच्या अंगावरून चढत होत्या. गाजराचा तुकडा त्यांनी आतून पोखरला होता आणि त्या भोकातून तीन-चार तोंडं बाहेर आली होती. वर टाकलेल्या कातींचा थर. ओल्या पोत्यासारखा वास. आशालताबाईंनी नाकाला पदर लावला, तरी तो वास घशात उतरलाच.

"अहो! पोरगं पाखरांना किडकं खायला घालतंय!"

"दुकानदाराने गंडवलं असेल," प्रल्हादराव पेपराआडून म्हणाले.

"जरा गच्चीवर नेऊन द्याल का?"

"मला बीपी आहे."

मग कुठलीही शहाणी बाई करील तेच त्यांनी केलं. जुना चादरीचा तुकडा गच्चीवर अंथरला आणि सगळा कोंडा उन्हात पसरला. ऊन लागताच अळ्या वळवळत बाहेर पडल्या आणि साळुंक्यांची पंगतच बसली. उरलेला कोंडा त्यांनी चाळला, चाळण फेकून दिली, कोंडा मंद आचेवर भाजला, डबा कढत पाण्याने धुतला, तमालपत्रही टाकलं. पिंजऱ्यात चमचाभर ठेवून विघ्नेशला अभिमानाने फोन केला.

पलीकडे विघ्नेशने कपाळावर हात मारल्याचा आवाज स्पष्ट ऐकू आला.

"आई, ते किडे हेच खाणं होतं."

"शी!"

"अगं, पिल्लांना दाणा पचत नाही. जिवंत अळी मिळाली तरच आईबाप भरवतात. नाही मिळाली तर पिल्लं घरट्याबाहेर फेकून देतात."

"स्वतःची?"

"स्वतःची. कुरियरने मागवतो, पण परवाशिवाय येणार नाही." मग घसा साफ करून तो म्हणाला, "रव्याला लागतात ना पांढऱ्या अळ्या, त्या चालतील. उलट बऱ्या, मऊ असतात. घरात बघ की जरा."

"माझ्या घरात?" आशालताबाईंनी विचारलं, आणि फोन ठेवला.

तरी बघितलं. रवा, मैदा, बेसन, पोहे, मागच्या फळीवरची नाचणी. एकेक झाकण उघडत गेल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच स्वच्छ डबा बघून त्या हिरमुसल्या.

"बोरिक पावडर थोडी कमी घालायची होतीस," प्रल्हादराव म्हणाले.

दुपारी एक पिल्लू पिंजऱ्याच्या तळाशी पडलेलं दिसलं, विष्ठेत माखलेलं, पण हलत होतं. त्यांनी आधी चमचा घेतला. चमच्याने जमेना. शेवटी हाताने उचललं. कोमट, चिकट, आणि कातडीखाली उडणारं काळीज बोटाला लागत होतं. पिल्लू घरट्यात सरकवून त्यांनी साबणाने हात धुतले आणि वाटी घेऊन बाहेर पडल्या.

समोरच्या रेजिनाताई मूळ वसईतल्या गास गावच्या. "रेजिनाताई, किडे लागलेला रवा आहे का हो तुमच्याकडे?"

"आमच्याकडे?" रेजिनाताईंनी दार थोडं ओढून घेतलं. "आशाताई, रोज चर्चमध्ये मिस्साला जाणारी बाई मी. माझ्या घरात किडा निघाला तर सासू थडग्यातून उठून येईल."

खालच्या मजल्यावरची विनिता म्हणाली, "छे हो काकू, मी सगळं फ्रिजमध्येच ठेवते." बोलताना तिची नजर ओट्याखाली गेली आणि लगेच परत आली.

पुढेही तेच. एवढ्या मजल्यांच्या इमारतीत एक अळी नाही! गच्चीवर लोकांनी टाकलेला कचरा बघता हे पटण्यासारखं नव्हतं. मग लिफ्टच्या आरशात स्वतःचं तोंड दिसलं तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं. हे तोंड घेऊन दारात उभी राहिलेली बाई अळ्या मागायला आलेली नसते, धाड घालायला आलेली असते.

यावर इलाज एकच होता. हाताला ते कोमट काळीज अजून लागत होतं. त्या परत विनिताकडे गेल्या.

"विनिता, तुला म्हणून सांगते. माझ्या रव्यात अळ्या झाल्यात. चांगली जाळी धरलीय. पण विघ्नेशच्या पाखरांच्या पिल्लांना तेवढ्या पुरत नाहीत गं."

हे खोटं बोलताना दाताखाली अळीच आल्यासारखं वाटलं.

विनिताचे खांदे सैल पडले. "काकू, तुमच्याकडेसुद्धा?"

"डाळीतही," आशालताबाई म्हणाल्या. आता अब्रू बुडवायचीच तर हात कशाला आखडायचा?

"अगं बाई! मला वाटायचं, मीच एकटी घाणेरडी." विनिताने ओट्याखालून डबा ओढला. "हा नणंदेने दिलेला हं. आमचा नाही." झाकण निघालं. रव्याचे जाळ्याने बांधलेले गोळे, आणि झाकणाला चिकटलेल्या धाग्याला लोंबणारी एक गुबगुबीत अळी. "कुणाला सांगू नका काकू. माझी शप्पथ आहे तुम्हाला."

"नाही सांगणार."

विनिताने शप्पथ फक्त घातली होती, घेतली नव्हती; संध्याकाळपर्यंत बेल वाजत राहिली. रेजिनाताई झाकलेली वाटी घेऊन आल्या. रवा गासच्या घरून आला होता, तिकडची हवाच दमट. कुणाचे पोहे सासूचे होते, कुणाचा मैदा भावजयीचा. इमारतीतली एकही अळी इथली रहिवासी नव्हती.

चिमट्याने अळ्या फुटत होत्या, म्हणून आशालताबाईंनी त्या बोटांनी वेचल्या. नराने एक उचलली, दांडीवर आपटली आणि पिल्लाच्या उघड्या लाल घशात कोंबली. पिल्लाची कातडी इतकी पातळ, की मानेतून खाली जाणारी अळी बाहेरून दिसत होती. ती अजून वळवळत होती.

आशालताबाईंनी तोंडावर हात दाबला. मग हात काढून म्हणाल्या, "चावून खा रे."

"दात कुठायत त्याला?" प्रल्हादराव म्हणाले.

"तुम्ही गप्प बसा."

तिन्ही पिल्लं जगली. विघ्नेश परतला तोवर त्यांना पिसं फुटू लागली होती. शेजारच्या अळ्या पुरून उरल्या, म्हणून कुरियरचे किडे आल्यावर आशालताबाई त्यांना चमचाही न लावता त्याच्या खोलीत ठेवून आल्या होत्या.

दिवाळीत त्यांनी नेहमीसारखी फराळाची ताटं भरली. रेजिनाताईंनी चकली घेतली आणि रव्याचा लाडू परत ठेवला. डॉक्टरने तूप बंद केलं होतं. चौथ्या मजल्यावर दोघींना एकदमच शुगर निघाली होती. लिफ्टमध्ये भेटलेल्या नव्या भाडेकरणीने ताटाकडे बघितलं आणि आपल्या मुलीला जवळ ओढलं.

विनिताने तर दारातच हात जोडले. "लाडू नको हं काकू. राग मानू नका, पण ह्यांचं पोट फार नाजूक आहे." आणि आवाज खाली आणून म्हणाली, "बोरिक पावडर घालून बघा ना. फरक पडतो."

आशालताबाईंच्या जिभेवर एक ओट्याखालचा डबा आला होता. तो त्यांनी गिळला. विनिताने त्यांच्या हातात आपल्या फराळाचं ताट ठेवलं.

घरी आल्यावर त्यांनी त्यातली करंजी दिव्याखाली मोडून पाहिली. सारणात रवा होता. तुकडे ताटात टाकून त्या हात धुवायला वळल्या, तेवढ्यात प्रल्हादरावांनी ते उचलून तोंडात टाकले.

"वा, खुसखुशीत झालीय. कुणाकडची गं?"

शप्पथ घातलेली होती. आशालताबाईंनी त्यांना पाणी आणून दिलं.