काळ्या घुबडाला उत्तर

काळ्या घुबडाचं पत्र मला ईस्टरच्या आधी आलं, आणि शेतातला मका गुडघ्याला लागला तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्र मोठ्या छापील अक्षरांत होतं, हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून. घडी उलगडली तेव्हा मांडीवर थोडं पीठ सांडलं.

‘आदरणीय मास्तर,’ त्यात लिहिलं होतं, ‘तुम्ही साप्ताहिकात माझ्या कुस्त्यांबद्दल इतकी वर्षं लिहिता. मी डोळ्यांत मीठ फेकलं तर मीठ फेकलं एवढंच लिहिता, वाढवून लिहीत नाही. म्हणून तुम्हाला विचारतो. पुएब्ला शहराचा तो तरणा पैलवान, रुपेरी शिंगरू, मुखवट्याविरुद्ध मुखवटा अशी पैज लावायला तयार आहे. कुस्ती तुमच्या सान्ता इनेस गावातच, जत्रेच्या रविवारी. हरलो तर रिंगणात मुखवटा काढून माझं नाव आणि गाव सांगावं लागेल. या गावाला मी आजवर काय काय बोललो ते तुम्हाला ठाऊक आहे. नाव कळल्यावर हे लोक मला दारात उभं करतील का? खरं काय ते लिहा. उत्तर आपिसाकोच्या कुस्तीगृहाच्या पत्त्यावर पाठवावे. आपलं, काळं घुबड.’

आपिसाको बसने तासाभरावर आहे. काळं घुबड माझ्यापासून दोन दारं सोडून राहतं. त्याचं नाव एर्मिलो क्वामात्सी, आणि सान्ता इनेसचा सगळा पाव तोच भाजतो. हे मी कधी कुणाजवळ बोललो नव्हतो. मुखवटा घातलेल्या माणसाचं खरं नाव ओठांवर आणायचं नाही, ही आमच्याकडची साधी रीत आहे. चर्चमध्ये शिरताना टोपी काढावी तशी.

एर्मिलो पोरसवदा असताना पुएब्लाला एका बेकरीत कणीक तिंबायला गेला. बेकरीच्या माडीवर तालीम होती. तिथे तो आधी पडायला शिकला, मग पाडायला. परत आला तेव्हा त्याच्याबरोबर बायको होती, नवीन मिशा होत्या आणि पेटीच्या तळाशी एक काळा मुखवटा होता, ज्याबद्दल तो काही बोलला नाही. गुरुवारी आपिसाको, शनिवारी कुठली तरी जत्रा, रविवारी आमच्या धान्यबाजाराची शेड. एवढाच त्याचा मुलूख. राजधानीच्या मोठ्या कुस्तीगृहातून एकदा बोलावणं आलं होतं म्हणतात. तो गेला नाही. सोमवारची भट्टी कुणी पेटवायची?

घुबड नियम मोडणाऱ्यांपैकी. पंच पाठमोरा झाला की चावायचं, दोरीवर गळा आवळायचा, आणि कुस्तीआधी माइक हिसकावून गावाचा उद्धार करायचा. इतर गावांत त्याचं भाषण ठरलेलं होतं, की बायका आळशी आणि गडी भित्रे. सान्ता इनेसमध्ये मात्र तो नावानिशी बोलायचा. चर्चची घंटा वाजवणारा झोपेत वाजवतो. चोलेबाई विकते त्या मक्याच्या वाफवलेल्या तामालीत डुकराचं मांस शोधायला भिंग लागतं. मास्तरला बायको मिळाली नाही, कारण पुस्तकात तिचं पान सापडलं नाही. शेड पेटून उठायची. मी त्यातलं निम्मं छापायला द्यायचो, तेही खोडून खोडून. माझ्याबद्दलचं मात्र पूर्ण द्यायचो, नाहीतर पक्षपात झाला असता.

पत्र आल्यापासून सकाळी पाव घ्यायला गेलो की एर्मिलो हातात चिमटा धरून विचारायचा, “काय मास्तर, हल्ली पत्रबित्र लिहिता की नाही कुणाला?”

“लिहायचं आहे.”

“टपाल तरी बरं चाललंय ना? गहाळबिहाळ होत नाही ना काही?”

“टपाल ठीक आहे, एर्मिलो. लिहिणारा मंद आहे.”

“नाही, मला काय करायचंय!” असं म्हणून तो पिशवीत एक पाव जास्त टाकायचा.

तो जास्तीचा पाव मी फुकटच खात होतो. खरं काय ते लिहा, असं त्याने सांगितलं होतं, आणि खरं काय तेच मला माहीत नव्हतं. नगरपालिकेच्या वाचनालयात माझा जन्म गेला. माणसं मला पुस्तक परत करताना दिसत, तेवढीच. त्यांच्या मनात काय आहे हे विचारायला माझ्याइतका अयोग्य माणूस सबंध गावात दुसरा नव्हता. पण ‘पैज लावा’ म्हणावं आणि लोकांनी त्याच्या दुकानाकडे पाठ फिरवावी, असं झालं तर? आणि ‘नको’ म्हणावं, तर तो उरलेलं आयुष्य त्या काळ्या कापडात घाबरून बसणार.

शेवटी चोलेबाईकडे गेलो. पहिल्या रांगेत घुबडाची तिच्याएवढी कट्टर वैरीण कोणी नाही. सकाळची गर्दी ओसरली होती आणि ती चर्चच्या कोपऱ्यावर पातेल्याशेजारी बसली होती.

“चोलेबाई, एक विचारू? समजा, घुबडाचा मुखवटा उतरला…”

“कोण उतरवतोय?”

“समजा म्हटलं. आणि आतून आपल्या ओळखीचा माणूस निघाला तर?”

तिने पातेल्यावर झाकण ठेवलं. “एर्मिलोने पाठवलं का तुम्हाला?”

मी घाबरून मागे पाहिलं.

“चोरासारखे बघू नका. सगळ्या गावाला माहीत आहे. रविवारी खांद्यावर आपटला की सोमवारी पाव चपटे निघतात. आणि माझ्या तामालीत मांस किती, हे परगावच्या पैलवानाला कसं कळेल हो? रोज खातो माझ्या हातचं, म्हणून तर बोलतो मेला!”

“मग तुम्ही त्याला शिव्या देता, लिंबं मारता, ते…”

“मारायची नाहीत? तो तिथे कामावर असतो. तो घसा फोडून ओरडणार आणि मी हाताची घडी घालून बसू? मागच्या महिन्यात लिंबू नेमकं कानावर बसलं. दुसऱ्या दिवशी मला म्हणतो, ‘चोलेबाई, आवाज का बसलाय?’ मी म्हटलं, एका घुबडापायी बसलाय रे बाबा. तर म्हणतो, ‘फार वाईट चालीचं आहे ते,’ आणि मधाची बाटली दिली.” ती शालीच्या टोकाने डोळे पुसत हसली.

“म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे, हे त्याला ठाऊक नाही.”

“आणि कळायलाही नको. तुम्ही बोललात ना मास्तर, तर हे मक्याचं उकळतं आतोले तुमच्या पुस्तकांवर ओतीन.”

मग मी पैजेचं सांगितलं. तो काय विचारतो आहे तेही सांगितलं. एक गिऱ्हाईक आलं, तिने त्याला दोन तामाली बांधून दिल्या.

“खांदा गेलाय त्याचा,” ती म्हणाली. “मुखवट्यातच म्हातारा झालेला पैलवान काय करतो, माहीत आहे? एका रविवारी येत नाही. बस्स. जाहिरातीवर दुसऱ्याचं नाव असतं. इतकी वर्षं ओरडलो आम्ही, एकदा टाळ्या नकोत का वाजवायला? पण घुबडाला टाळ्या वाजवल्या तर त्याचा अपमान होईल. टाळ्यांना माणसाचं नाव लागतं, मास्तर.”

मी घरी येऊन लिहायला बसलो. ‘गावाला सगळं ठाऊक आहे’ असं लिहिलं आणि फाडलं. त्याने जन्मभर जपलेली गंमत ती. ती माझ्या शाईने का पुसावी? ‘गावाला धक्का बसेल, पण लोक बहुधा क्षमा करतील’ असं लिहिलं, तेही फाडलं. क्षमा करण्यासारखं कुणी काही मनात धरलंच नव्हतं. असं दोन दिवस चाललं. अखेर जे कागदावर राहिलं ते इतकंच:

‘आदरणीय घुबडसाहेब, पैज लावा. पहिल्या रांगेतल्या तुमच्या वैऱ्यांकडे मी चौकशी केली. त्यांना तुमचं नाव ऐकायचं आहे, कारण टाळ्या वाजवायला नाव लागतं. हरलात तर ते मोठ्याने सांगा. धान्यबाजाराच्या शेडमध्ये मागे नीट ऐकू जात नाही, आणि मागचेही ऐकायला आलेले असतील. दुसऱ्या दिवशी ते तुमच्या दारात उभे राहतील. आपला, फिदेन्सियो त्लापाले.’

टपालपेटी नगरपालिकेच्या भिंतीला आहे आणि वाट बेकरीवरून जाते. एर्मिलो दारात पीठ झटकत होता. त्याने पाकीट पाहिलं.

“कुणाला, मास्तर?”

“आपिसाकोला. एका पैलवानाला.”

“अस्सं.” त्याने हात पुसले, पुन्हा पुसले. “काय लिहिलंत? नाही, नको, सांगू नका. ज्याचं पत्र त्याने वाचावं.”

“बरोबर आहे.”

“गुरुवारपर्यंत पोचेल ना?”

“पोचेल.”

“मग मिळेल त्याला,” तो म्हणाला, आणि आत जाताना दाराच्या चौकटीला त्याचा दुखरा खांदा आपटला, तरी शीळ घालतच गेला.

मी पाकीट पेटीत टाकलं. टाकताक्षणी वाटलं, फाडलेल्या कागदावरचा तो ‘बहुधा’ शब्द ठेवायला हवा होता की काय. पण पेटीचं तोंड अरुंद आहे, हात आत जात नाही.