सुलटा कोरलेला पत्रा

सुज्ञ वाचकहो! तांब्याच्या एका पत्र्यावर माझ्या हातून जी चूक घडली, आणि तिने माझा धाकटा भाऊ सिलास याचा जो पाठलाग केला, त्याचा वृत्तांत मी यथामती निवेदन करीत आहे. भाषेत उणे आढळल्यास क्षमा असावी. असत्याचे मात्र एक अक्षरही नाही.

लंडन शहरी चित्रे कोरणे हा माझा व्यवसाय. उघड्या मुठींच्या लढतीचे चित्र आधीच कोरून ठेवावे, म्हणजे निकाल लागताच विकता येते, अशी आमच्यात रीत आहे. सिलास आणि बार्नबी क्रॅग यांच्या लढतीचा निकाल मी बंधुप्रेमाने स्वतःच लावून टाकला. सिलास पाठमोरा उभा. क्रॅग पालथा, तोंड गवतात, एक हात छातीखाली, एक मोजा घोट्यापर्यंत घसरलेला. आणि आखाड्याच्या दोराखालून पाहणारे एक काणे कुत्रे.

पत्र्यावरचे सारे कागदावर उलटे उमटते. म्हणून खालची दोन नावे मी सवयीने उलटी कोरली. चित्र मात्र उत्साहाच्या भरात सुलटेच कोरले गेले, त्यामुळे कागदावर दोघांच्या जागा बदलल्या, नावे तेथेच राहिली. लढतीच्या सकाळी पहिला कागद पत्र्यावरून उचलला, तो पडलेल्या देहाखाली नाव होते, सिलास थोर्ली.

छापखान्याचे मालक पिनकसाहेब खदखदून हसले. "जेबेझ, तुझ्या भावाला लोळवायला क्रॅग कशाला हवा? तू आहेस की!"

"साहेब, घासून पुन्हा कोरतो."

"दोन दिवस लागतील त्याला. राहू दे. क्रॅग जिंकला तर आयतंच काम झालं!"

नदीकाठच्या कुरणात मीच सिलासचा साथीदार होतो. फेरी संपली की साथीदाराने गुडघा टेकून आपली मांडी लढणाऱ्यास आसन म्हणून द्यावयाची असते. सतराव्या फेरीनंतर तो बसला, तेव्हा त्याचा मोजा घसरला होता. मी तो वर ओढून माझ्या रुमालाने घट्ट बांधला.

"काय हे दादा? आता नाकही पुसणार का माझं? लोक हसतायत."

"हसू देत. पाय हलवू नकोस."

"सोड रे! तो बघ, फाटक्या भात्यासारखा धापा टाकतोय. दोन फेऱ्यांत झोपवतो त्याला."

तो उठला. त्याच वेळी दोराखालून एका कुत्र्याने डोके आत घातले. त्याला एकच डोळा होता.

क्रॅगची मूठ सिलासच्या कानशिलावर बसली. तो डगमगला, पण उभा राहिला. मी स्पंज वर फेकला. म्हणजेच आमची हार कबूल केली.

"मी उभा होतो!" सिलास किंचाळला. "दादा, उभा होतो मी! क्रॅगनं नाही, तू पाडलंस मला!"

त्याची प्रत्येक शिवी मला आशीर्वादासारखी वाटली, कारण ती देणारा जिवंत होता.

खानावळीच्या अंगणात तो बाकावर बसून राहिला. मी पाणी पुढे केले. त्याने ते घेतले नाही. पायाचा रुमाल सोडून माझ्या अंगावर भिरकावला.

"घे तुझा रुमाल. पुन्हा तोंड दाखवू नकोस."

तो उठून दोन पावले चालला. मोजा हळूहळू घोट्यापर्यंत उतरला. मग सिलास पालथा पडला, एक हात छातीखाली घेऊन. फाटकाखालून ते काणे कुत्रे शांतपणे पाहत होते.

तो पुन्हा उठला नाही. सायंकाळपर्यंत सर्व प्रती खपल्या, "अगदी हुबेहूब!" असे गिऱ्हाइके म्हणाली.

कोरणाऱ्याने चित्राच्या कोपऱ्यात आपले नाव घालावे असा नियम आहे. तेथे जे आहे, तेच येथेही लिहितो. आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल अंतःकरणपूर्वक आभार.

जेबेझ थोर्ली