खंडेनवमीला मला गिऱ्हाईक आलं

मित्रांनो, मी एक जुनी विलायती गाडी आहे. दोनच माणसांची, टप मागे पडणारी, लांब नाकाची आणि लाल. जुनी म्हटलं म्हणून हळहळू नका. मुंबई-गोवा रस्त्यावर मला मागे टाकणाऱ्या गाड्या अजून थोड्याच आहेत, आणि ज्या टाकतात त्यांचे ड्रायव्हरही मान वळवून मलाच बघतात. मला विकायचं की ठेवायचं, हे दोन वर्षांपूर्वी दोन दिवसांत ठरलं. त्या दोन दिवसांची गोष्ट मी सांगणार आहे. पण आधी मी इथवर आले कशी ते ऐका.

माझा जन्म विलायतेतला. माझा पत्रा कारागिरांनी हाताने ठोकून वळवला. बोटीतून मी मुंबईला उतरले तेव्हा एका गिरणीमालकाच्या मुलाने मला घेतलं, शर्यतीत पळवलं आणि माझ्या जिवावर दोन कप मिळवले. पुढे त्याला दुसरी गाडी आवडली. मग पावसच्या एका आंबा बागायतदाराने मला हौसेने घरी आणलं. हौस खरी, पण मी पडले बुटकी. जांभ्या दगडाच्या त्या रस्त्यांवर माझं पोट रोज खरवडायचं. एके दिवशी खालून दगड लागला, पाणी गळून गेलं, इंजिन तापलं आणि जागच्या जागी बसलं. मला ढकलत बागेतल्या मांगरात, म्हणजे गवत ठेवायच्या खोपटात, नेलं आणि दार लावून घेतलं.

त्या मांगरात मी बारा वर्षं काढली. आंबे पिकवायचं गवत माझ्यावर रचलेलं असे. ड्रायव्हरच्या सीटवर एका कोंबडीने तीनदा पिल्लं काढली. खरं सांगायचं तर त्या बारा वर्षांत मला ऊब मिळाली ती तेवढीच.

एकोणऐंशी साली विहिरीचा पंप दुरुस्त करायला काशीराम आला. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात तो मच्छीमारांच्या लाँचींची इंजिनं दुरुस्त करायचा. आवाज ऐकून दुखणं ओळखणारा माणूस. पाना पुसायला फडकं शोधत तो मांगरात शिरला आणि मला बघून कामच विसरला. पंप चालू झाल्यावर मालक मजुरी द्यायला लागले, तर हा म्हणतो, "मजुरी नको. आतली ती गाडी द्या."

मालक पोट धरून हसले आणि हो म्हणाले. दुसऱ्या दिवशी मी बैलगाडीवर चढून रत्नागिरीला आले. शर्यती जिंकलेल्या गाडीची अशी वरात निघाली! मला लाज वाटली हे कबूल करते.

पुढे सहा वर्षं काशीराम बंदरावरून आला की माझ्यापाशी बसायचा. विलायती भाग मिळायचे नाहीत, म्हणून त्याने मला रत्नागिरीचे भाग लावले. पाण्याचा पंप लाँचीचा. भोंगाही लाँचीचाच, त्यामुळे मी वाजले की लोक आधी समुद्राकडे बघायचे. डॅशबोर्ड फणसाच्या लाकडाचा. टप शिडाच्या कापडाचा. सीटांमध्ये भरलेला काथ्या त्याच्या बायकोने, गंगाने, आठवडाभर स्वतः ठोकून दिला. पोट खरवडू नये म्हणून त्याने मला चांगली चार बोटं उंच केली. मूळच्यापेक्षा मी बरी झाले असं माझं मत आहे.

एकच चूक झाली, आणि ती बंदरावरचाच माणूस करू जाणे. खाऱ्या वाऱ्याने पत्रा गंजतो, म्हणून काशीरामने होड्यांना लावतात ते मुशीचं तेल माझ्या पोटाला खालून चोपडलं. गंज पळाला हे खरं. पण मुशी म्हणजे मासा, आणि त्या वासाने गावातली मांजरं माझ्या मागे लागली. मी बाजारातून निघाले की मागून पाच-सहा मांजरांची मिरवणूक असायची.

आता मूळ मुद्दा. रत्नागिरीत एखाद्या लाँचीचा शाफ्ट, म्हणजे पाण्यातला पंखा फिरवणारा दांडा, वाकला की तो एसटीच्या टपावर टाकून कोल्हापूरला पाठवायचे. लाँच दोन-दोन आठवडे बंदरात उभी, आणि तिच्यावरची माणसं घरी बसून. काशीरामला स्वतःची लेथ हवी होती, लोखंड फिरवून कातायचं यंत्र. सावर्ड्याचे धोंडूमामा मिस्त्री आपलं वर्कशॉप बंद करणार होते, आणि त्यांची लेथ त्यांनी काशीरामसाठी दसऱ्यापर्यंत राखून ठेवली होती. त्यानंतर ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला जाणार होती. गंगाने परसातल्या चार केळी तोडून लेथीसाठी जांभ्याचा चौथराही बांधून घेतला होता. चौथरा होता, लेथीला पैसे मात्र नव्हते. विकण्यासारखी घरात मी एकटीच होते.

पंच्याऐंशीच्या खंडेनवमीला मुंबईचे एक साहेब मला बघायला आले. जुन्या गाड्या जमवायचा त्यांना नाद होता. खंडेनवमीला घरोघर हत्यारांची पूजा होते हे तुम्हाला माहीत आहेच. काशीरामने पाने, कानशी, हातोडे धुऊन पाटावर मांडले होते. हळदकुंकू, झेंडूची फुलं. माझ्याही नाकावर कुंकू होतं आणि गळ्यात हार. काथ्याच्या सीटवर बाबल्या नावाचा बोका झोपला होता.

साहेबांनी आधी बोक्याकडे पाहिलं, मग नाकाला रुमाल लावला. पण गाडी ओळखणारा माणूस होता. माझ्याभोवती तीनदा फिरून त्यांनी जो आकडा सांगितला, त्यात लेथ येऊन वर घराची कौलंही बदलून झाली असती. दारात उभ्या गंगाने पदर तोंडाला लावला.

"हे लाकूड, हा टप, या सीटा, सगळं निघेल," साहेब म्हणाले. "मी मूळचे भाग मागवीन. पुन्हा बुटकी करीन. माझ्याकडे काचेची खोली आहे, तिथे दिव्याखाली हिला ठेवीन."

मित्रांनो, मी हुरळले. काचेची खोली! मांगरात बारा वर्षं काढलेल्या गाडीला दिव्यांचा मोह पडणारच.

"आनि चालवनार कवा?" काशीरामने विचारलं.

"चालवायची कशाला? इतकी किमती वस्तू रस्त्यावर कोण आणतं? न्यायलासुद्धा ट्रक आणलाय. फक्त त्या झाकणाखालचा इंजिनाचा नंबर मला बघायचाय. ते जरा खोला."

"आज पाना उचलायचा नाय, साहेब. हत्यारं पूजेत हायत. उद्या खोलतो."

साहेब हसले. "दोन मिनिटांचं काम आहे. आणि एक दिवस पाना न धरून तुझं काय होतं रे?"

"एक दिवसानं काय होत नाय," काशीराम म्हणाला. "म्हनून तर येकच दिवस ठेवतो. जास्त ठेवला तर गंजंल."

बोलून तो वळला. पाटावरच्या पान्यांकडे त्याने पाहिलं, मग माझ्याकडे. मी हार घालून उभी होते. त्या क्षणी त्याला कळलं ते मलाही कळलं, आणि माझ्या डोळ्यांसमोरची ती काचेची खोली एकदम मांगरासारखी दिसू लागली. तिथे दिवे असते एवढाच फरक.

"साहेब, राग मानू नका," तो म्हणाला. "हिला रोजची पूजा सोसायची नाय. मी देत नाय."

साहेबांनी आकडा वाढवला. काशीरामची नजर घराच्या कौलांकडे गेली, पण मान हलली ती आडवीच. ट्रक रिकामाच गेला.

गंगा दारातून उतरून माझ्यापाशी आली. मग म्हणाली, "आनि लेथीचं काय?"

काशीराम चौथऱ्याकडे बघत राहिला.

"मी काय बोलत नाय. तुमची गाडी, तुमचा इचार. पन तो म्हातारा तिकडं शब्द धरून बसलाय. उद्या जाऊन तोंडावर सांगू. चिठ्ठी पाठवून सांगायची ही गोष्ट न्हवं."

म्हणून दसऱ्याच्या सकाळी दोघं माझ्यात बसली. हातखंब्याला मोठा रस्ता लागला, संगमेश्वर गेलं, दोन्हीकडे पिवळं पडत आलेलं भात. मी अशी धावले की काय सांगू. पण आत गंगा वाटभर मांडीवरची आपट्याची पानं सारखी करत राहिली.

धोंडूमामा हायवेलगतच्या आपल्या वर्कशॉपच्या दारात स्टुलावर बसले होते. आत लेथीला हार घातलेला. काशीरामने त्यांच्या हातात आपट्याची पानं ठेवली, पाया पडला आणि खाली बघूनच सांगितलं, "मामा, लेथ माझ्यानं न्हेवत नाय. तुमी दुसऱ्याला द्या."

मामांचं अर्धं लक्ष माझ्याकडेच होतं. गुडघ्यांवर हात दाबत ते उठले, त्यांनी माझं बॉनेट उघडायला लावलं आणि पंपाच्या पितळी बुशावरून, म्हणजे दांड्याभोवतीच्या कड्यावरून, अंगठा फिरवला.

"हा कुठं कातून घेतलास?"

"कानशीनं घासलाय. लेथ कुठं हाय माझ्यापाशी?"

"कानशीनं? येवडा गोल?" मामांनी पुन्हा अंगठा फिरवला. तीस वर्षं लोखंड कातलेला माणूस. त्याच्या अंगठ्यातून मला जी शाबासकी मिळाली ती शर्यतीच्या कपांनी दिली नव्हती.

मग ते माझ्यात बसले. बराच वेळ बसले.

"काशीराम, गुडघं गेलं माझं. लेथीसमोर उभं ऱ्हावत नाय, म्हनून बंद करतोय. बसायला मात्र येतं." त्यांनी माझं चाक धरलं. "तीस वर्षं या दारातनं गाड्या जाताना बघितल्या. येकीत पन मी न्हवतो."

मामा काय मागणार ते काशीरामला कळलं. त्याचा चेहरा उतरला. साहेबांना नाही म्हणणं सोपं होतं. त्याने कसाबसा साहेबांना विचारला होता तसाच प्रश्न विचारला.

"हिला ठेवाल कशी, मामा?"

"ठेवीन कशाला? चालवीन."

वर्कशॉपमध्ये लेथ होती, बाहेर मी होते, आणि मधे काशीराम उभा होता. सहा वर्षं त्याने मला हाताने घडवलं होतं. त्याने गंगाकडे पाहिलं. गंगाने माझ्या सीटवरून हात फिरवला.

"द्या," ती म्हणाली. "पन मामा, या सीटा काडू नका. आठवडाभर काथ्या ठोकलाय मी."

"काडतो कशाला? माज्या कमरंला तेवढंच बरं."

असा सौदा झाला; लेथ मागून ट्रकने पाठवायची ठरली. मजुरीच्या बदल्यात आलेली मी लेथीच्या बदल्यात गेले. निघताना काशीराम मामांना म्हणाला, "पावसाच्या आदी मुशीचं तेल लावा. मांजरं येतील, येऊ देत." मग दोघं एसटीच्या थांब्याकडे चालू लागली. मला वाईट वाटलं, फार वाटलं. वळणापाशी काशीराम थांबला, तेव्हा मामांनी माझा भोंगा वाजवला. त्याने हात वर केला, आणि मग मात्र मागे पाहिलं नाही.

आता मिरकरवाड्यातल्या लाँची शाफ्टसाठी थांबत नाहीत. गेल्या थंडीत माझ्या पंपाचा तो बुश झिजला. मामांनी कार्ड टाकलं, आणि काशीराम तेलकट फडक्यात गुंडाळलेला नवा बुश घेऊन आला. त्या लेथीवर कातलेला. बसवून झाल्यावर त्याने माझ्या बॉनेटवर कान ठेवला, थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, "बरी हाय."

मित्रांनो, तुमच्या घरातही एखादं जुनं यंत्र असेल. त्याला तेल द्या, पुसा, वर्षातून एकदा हार घाला. पण दुसऱ्या दिवशी तो हार काढून त्याला कामाला लावा. आम्हाला जपायचं म्हणजे एवढंच.

बरं, आता थांबते. मामा गुडघ्याला धरून चपला घालत आहेत, रोजच्यासारखं आरवलीपर्यंत जायचं आहे, आणि सावर्ड्याचं हे मांजर सीटवरून उठायला तयार नाही.