डोक्यावरून चादर

सुमेधाने नरेंद्रच्या डोक्यावरून चादर ओढली, खालपर्यंत सोडली आणि मागच्या बाजूला कपड्यांचा चिमटा लावून टाकला. मग कमरेवर हात ठेवून ती जराशी थांबली. आठवा महिना चालू होता. खाली वाकून पुन्हा उभं राहणं हे एक स्वतंत्र कामच झालं होतं.

"नरेंद्र झाला," ती म्हणाली. "आता शैलाकाकू."

नरेंद्र म्हणजे कढीपत्ता आणि शैलाकाकू म्हणजे जास्वंद. सांता क्लाराच्या त्या मागच्या अंगणातलं एकही झाड विकत आणलेलं नव्हतं. कुणी फांदी दिली, कुणी रोप, कुणी ओल्या रुमालात गुंडाळलेलं नुसतं पान, आणि देणाऱ्याचं नाव झाडाला चिकटून बसलं. मालिनीवहिनी हा मोगरा होता. अनिल आणि प्रताप ही दोन एपिफायलम, निवडुंगाच्याच भाऊबंदातली, पण लांब चपट्या पानांची आणि बिनकाट्यांची. भिंतीशी, सगळ्यांत मोठ्या कुंडीत, शरयूताई होती. तेही त्याच जातीचं, आपल्याकडे ज्याला ब्रह्मकमळ म्हणतात ते.

सुमेधाच्या थोरल्या बहिणीने, शरयूने, नागपूरहून कुणाच्या तरी बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी त्याचं एक पान पाठवलं होतं. फुलेल तेव्हा फोन कर, इथे किती वाजलेत ते बघू नकोस, असं बजावलंही होतं. अजून एकही फूल आलं नव्हतं. पण यंदा झाड सुमेधाच्या खांद्याला लागलं होतं आणि यंदा ते फुलणार याबद्दल तिच्या मनात शंका नव्हती. बाकीची झाडं गेली असती तर तिला हळहळ वाटली असती. हे गेलं असतं तर ताईला तोंड कसं दाखवायचं, हा प्रश्न होता.

एकोणनव्वदच्या त्या फेब्रुवारीत थंडीने कॅलिफोर्नियाला बेसावध गाठलं. टीव्हीवाले सकाळ-संध्याकाळ घाबरवत होते. कुंड्या आत न्यायच्या तर सुमेधाने उचलायच्या नाहीत आणि नवऱ्याची, श्रीरंगची, पाठ धरलेली. तेव्हा त्याने गराज सेलमधून, कुणीतरी घरासमोर मांडलेल्या जुन्या सामानातून, मोटेलच्या जुन्या चादरींचा गठ्ठा आणला, सगळ्या पांढऱ्याशुभ्र. कपडा पानांना टेकू नये म्हणून कुंड्यांत बांबूच्या काठ्या रोवल्या आणि आतून ख्रिसमसच्या जुन्या बल्बांच्या माळा सोडल्या. त्या बल्बांची ऊब झाडांना पुरते म्हणे. श्रीरंगने बटण दाबलं. उजेड उतरत आलेल्या अंगणात सहा पांढऱ्या आकृती बसल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या पोटात काहीतरी मंद पेटलेलं होतं.

"फेब्रुवारीत हॅलोवीनची भुतं," श्रीरंग म्हणाला. "पोस्टमन पळून जाणार, यार."

सुमेधा हसली. हसता हसता तिचं लक्ष मागे गेलं. काचेच्या दारापलीकडे आई उभी होती आणि ती हसत नव्हती.

आईला, सुमित्राबाईंना, येऊन महिना झाला होता. खरं म्हणजे बाळंतपणाला शरयूच यायची होती. पण दिवाळीत बँकेने तिची गडचिरोलीकडे बदली केली. तिथे ना रजा मिळत होती, ना धड फोन लागत होता. म्हणून आई आली. ती खूप वाळली होती आणि बोलायचीही बेताचंच. परका देश, त्यात हा गारठा, असं म्हणून सुमेधाने ते सोडून दिलं होतं.

"असं घालतात का गं?" सुमेधा आत येताच आईने विचारलं.

"काय घालतात?"

"डोक्यावरून पांढरं. तोंड झाकून. जिवंत माणसावर कुणी घालत नाही तसं."

"आई, झाडं आहेत ती."

"तू नावं घेऊन बोलतेस त्यांच्याशी. नरेंद्रला झाकलं, मालिनीला झाकलं. चांगली धडधाकट माणसं आहेत गं ती. मुलंबाळं आहेत त्यांना."

"मग ती माणसं आपापल्या घरी हीटर लावून बसली असतील. तू चहा घे बघू."

"मला बघवत नाही," आई म्हणाली आणि दाराकडे पाठ करून बसली.

सुमेधाला हसू आवरेना. "ताईचं फुललं ना, की हे सगळं तिला सांगणार आहे मी. आई तुझ्या झाडाला घाबरली म्हणून."

आईने मान वर केली नाही. श्रीरंग एकदम उठला आणि कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या ते बघायला आत गेला. गॅसवर कुकर नव्हताच, पण ते सुमेधाच्या लक्षात आलं नाही.

ती पहिली थंडी झाडांनी काढली. सकाळी ऊन आल्यावर सुमेधाने एकेक चादर उतरवली. आत पानं हिरवीगार होती. ती ओल्या गवतात उभी राहून प्रत्येकाला शाबासकी देत होती आणि आई काचेआडून बघत होती. दुपारी टीव्हीने आणखी वाईट बातमी दिली. आजची थंडी कालच्या दुप्पट, पाण्याचे नळ फडक्याने बांधा, झाडांची आशा धरू नका.

त्या संध्याकाळी सुमेधाने ऊन असतानाच सगळं आवरलं. शरयूताईवर तिने दोन चादरी घातल्या आणि कडेने विटा ठेवल्या. आत येऊन भाजी चिरायला बसली तर खिडकीतून आई दिसली. इतक्या दिवसांत संध्याकाळची एकदाही अंगणात न उतरलेली आई, पायात श्रीरंगचे मोठे बूट घालून, त्या पांढऱ्या आकृत्यांच्या मधून चालली होती. भिंतीपाशी जाऊन ती थांबली. तिचे ओठ हलत होते. सुमेधाला वाटलं जप चाललाय. शेजारचा कुत्रा कुंपणापलीकडून भुंकायला लागला, आणि आई मागे न बघता तिथेच उभी राहिली. सुमेधाने खिडकीचा पडदा ओढला आणि कांदा हातात घेतला.

सकाळी जाग आली तेव्हा श्रीरंग कामावर गेला होता. फटफटत होतं. पोटावर शाल ओढून सुमेधा दाराशी आली आणि तिथेच खिळली.

अंगणात माणसं बसली होती. निदान क्षणभर तिला तसंच वाटलं. चादरी उडालेल्या नव्हत्या, पडलेल्याही नव्हत्या. कुणीतरी त्या वरून सोडवून गळ्यापर्यंत खाली आणल्या होत्या आणि गळ्याशी सारख्या करून चिमटे लावले होते, लहान मुलाला थंडीत शाल गुंडाळून बसवावं तसं. सगळ्यांची डोकी उघडी होती आणि सगळ्यांवर पांढरं हिव चढलं होतं.

ती अनवाणीच बाहेर धावली. अनिल आणि प्रतापची पानं उकडलेल्या भाजीसारखी लिबलिबीत होऊन लोंबत होती. कढीपत्ता हात लावताच गळाला. मोगरा, जास्वंद, सगळं काळं पडलं होतं. तिला रडू फुटलं.

"आई! तू काढल्यास या चादरी?"

आई दारात येऊन उभी राहिली होती. "तोंडंच मोकळी केली गं," ती म्हणाली. "बाकी अंगभर नीट गुंडाळलं होतं. जिवंत माणसांना रात्रभर तसं ठेवायचं म्हटल्यावर मला झोप येईना."

"गेली आई, सगळी गेली. ताईचं तरी..."

सुमेधा वळली. भिंतीशी शरयूताई होती. तिच्यावरच्या चादरी तशाच होत्या, डोक्यावरून पार जमिनीपर्यंत. काल सुमेधाने घाईत लावलेला वाकडा चिमटा सरळ केलेला होता आणि कापडाच्या चुण्या हाताने सारख्या केलेल्या होत्या. आत बल्ब अजून जळत होते. सुमेधाने चादरीचं टोक उचलून आत पाहिलं. पानं टवटवीत होती, एकालाही धक्का नव्हता, आणि एका पानाच्या कडेला ज्वारीच्या दाण्याएवढी कळी धरली होती.

तिला इतका आनंद झाला की ती मोठ्याने हसली. "आई, हे वाचलं. बघ ना, कळी आहे याला. बरं झालं तू हे एवढं सोड..."

वाक्य तिथेच थांबलं. टोक तिच्या हातातून सुटलं आणि चादर पुन्हा खाली आली.

तिने आईकडे पाहिलं. आईने नजर चुकवली नाही. ती उघड्या पायांनी गवतातून चालत आली, आपल्या अंगावरची शाल तिने सुमेधाच्या खांद्यांवर घातली आणि गळ्याशी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली.

"कधी?" सुमेधाने विचारलं.

"तुला पाचवा लागला होता," आई म्हणाली.