अंदाजाने सांगितलेली तारीख

वरच्या कोर्टाचा निकाल आला तेव्हा मुरारी कमरेएवढ्या पाण्यात जाळं ओढत होता. कोंढ्याकडच्या त्या गावात ढिवरांची तीसेक घरं, सगळ्यांची पोटं त्या तलावावर. तलावाच्या पाळीवरून, बांधावरून, बायकोनं, बेबीबाईनं, हात हलवून बोलावलं. वकिलांचा फोन होता. इश्वर सुटला होता.

आठ वर्षांपूर्वी मुरारीची रंजू दहावीत होती. इश्वर गावातलाच, बायकालेकरांचा माणूस. शाळेतून घरी सोडतो म्हणून त्यानं तिला गाडीवर बसवलं आणि जंगलाच्या वाटेनं नेलं. रंजू चार दिवस धड जेवली नाही की बोलली नाही. पाचव्या दिवशी आईजवळ तिनं तोंड उघडलं आणि मुरारी तिला घेऊन ठाण्यात गेला. दोन वर्षं खटला चालला. जिल्ह्याच्या कोर्टानं इश्वरला दहा वर्षं दिली, तेव्हा आता हे संपलं असं मुरारीला वाटलं होतं.

फोन आला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो वकिलांकडे गेला. त्यांनी निकालाचे कागद उलगडून सांगितलं. सगळं वयावर येऊन अडलं होतं. शाळेच्या दाखल्याप्रमाणे रंजू तेव्हा सोळाचीही नव्हती. पण त्या दाखल्याला आधार काय, असं कोर्टानं विचारलं होतं, आणि उत्तर मुरारीच्याच साक्षीत होतं.

त्याला तो दिवस आठवला. आरोपीच्या वकिलानं अगदी गोडीनं विचारलं होतं, "शाळेत जन्मतारीख कोणी सांगितली?"

"म्याच सांगितली."

"कशावरून?"

"अंदाजानं जी. पोरगी घरीच झाली. तारीख कोन लिवून ठेवते?"

शपथ घेतली होती, म्हणून जे होतं ते त्यानं सांगितलं. खोटं बोललो नाही, याचं त्याला तेव्हा बरंच वाटलं होतं. खालच्या कोर्टानं त्या वाक्याकडे फारसं पाहिलं नव्हतं, पण ते कागदावर राहिलं आणि कागदासोबत वर गेलं. हाडांच्या तपासणीत वय सतरा ते एकोणीस निघालं होतं. त्यातला फरक आरोपीच्या बाजूनं, म्हणजे वय जास्तीचं, धरला गेला. ती अल्पवयीन होती हे सिद्ध झालं नाही, असं ठरलं. मग तिची मर्जी होती का यावर गोष्ट आली, आणि ती ओरडली का नाही, अंगावर खुणा का नव्हत्या, चार दिवस गप्प का राहिली, हे प्रश्न उभे राहिले. संशयाचा फायदा इश्वरला मिळाला.

"साहेब, माह्या बोलन्यानंच झालं का हे?" मुरारीनं विचारलं.

वकील कागद नीट लावत राहिले. "फक्त त्यानंच असं नाही," ते म्हणाले. पुढे अपील करायचं की नाही ते सरकार ठरवेल, आपण लिहून पाठवू, पण आशा धरू नका, असंही त्यांनी सांगितलं.

घरी रंजू ओट्यावर जाळं सांधत बसली होती. मुरारीनं तिला सगळं सांगितलं, स्वतःच्या साक्षीचंही. ती सुई चालवत ऐकत होती.

"म्हंजे मी खोटी बोलली, असं म्हनलं का त्यायनं?"

"खोटी नाई म्हनलं. पुरावा कमी पडला म्हनलं."

"मंग मी तिथं उभी राहून सारं सांगितलं, ते कायले सांगितलं बाबा?"

रंजूनं जाळं खाली ठेवलं आणि आत गेली. आठवड्यानं ती बपेऱ्याला मावशीकडे निघून गेली. कधी येशील, असं बेबीबाईनं विचारलं, तर ती पिशवी उचलून वाटेला लागली.

त्यानंतर चार-सहा दिवसांनी मुरारी पाळीवरून येत असताना समोरून इश्वर आला. अंगानं सुटलेला, दाढी केलेला. बाजूला होऊन त्यानं वाट दिली आणि म्हणाला, "रामराम, काका."

"रामराम," मुरारीच्या तोंडून निघून गेलं. जन्मभराची सवय. इश्वर पुढे गेला.

मुरारी पाळीवरच खाली बसला. आपण काय बोललो हे त्याच्या पुरतं ध्यानात यायला वेळ लागला. बेबीबाई शोधत आली, काहून बसले म्हणून तिनं दोनदा विचारलं. त्यानं तिला काही सांगितलं नाही. तोंड उघडायचीच त्याला आता धास्ती वाटत होती.