तेझबेकांचं पीक

दाखले काढून बघितलेत तर आमच्या कारा-तोर गावातली निम्मी लहान पोरं तेझबेक आहेत. पाच वर्षांपूर्वी हे नाव गावात एकाचंही नव्हतं. सगळ्या नारीन खोऱ्यात नव्हतं. आणि ज्या एका माणसाचं ते होतं म्हणून आता वेशीवरच्या दगडावर कोरलंय, त्याचंही नव्हतं. हे मी ठासून सांगते, कारण तो माणूस माझा सासरा होता.

त्याचं नाव तेझेकबाय. तेझेक म्हणजे गोवरी, हिवाळाभर चुलीत जाळतो ती. त्याच्या आईची आधीची मुलं पाळण्यातच गेली होती. म्हणून हा जन्मला तेव्हा तिनं त्याला गुंडाळून शेणाच्या ढिगावर नेऊन ठेवलं. शेजारच्या म्हातारीनं ठरल्याप्रमाणे येऊन "अगं बाई, हे शेणात काय पडलंय?" म्हणत उचललं, आणि आईनं वाडगाभर सायीच्या बदल्यात ते तिच्याकडून मागून घेतलं. मरण मुलगे शोधत येतं, शेणाकडे ढुंकून बघत नाही. सासरा सगळे दात पडेपर्यंत जगला आणि दात पडल्यावरही आम्हाला शिव्या देत राहिला. आयुष्यभर गाढवावर बसला. घोड्याची त्याला भीती वाटायची. किरगिझ माणूस आणि घोड्याला भितो, ही गोष्ट आम्ही घरातल्या घरात दाबून ठेवली होती.

आमच्यात सून सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव घेत नाही. नुसतं नाव नाही, नावात लपलेला शब्दसुद्धा नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा सासूनं पहिल्याच दिवशी बजावलं, "तो शब्द तोंडातून गेला तर चुलीपुढे बसायचं नाही." आता सांगा, शेण थापायचं मी, वाळवायचं मी, रचायचं मी, फुंकायचं मी, आणि त्याला नाव द्यायचं नाही! मग मी म्हणायला लागले 'चुलीचा घास'. आमचं गाव एकाच कुळाचं, त्यामुळे सगळ्याच सुना माझ्यामागोमाग तसंच म्हणायला लागल्या.

तर हा अर्झिमात. माझ्या नवऱ्याचा पुतण्या. चीनच्या हद्दीवर मालाचे ट्रक चालवून गब्बर झाला आणि मग पुढारी व्हायची खाज सुटली. निवडणुकीच्या सभेत मागून कोणीतरी ओरडलं, "गोवरीच्या नातवालाच निवडा रे, हिवाळ्यात जळेल तरी!" लोक पोट धरून हसले आणि अर्झिमात पडला. दुसऱ्या कुणी आरशात बघितलं असतं. यानं शहरातून एक वंशावळ सांगणारा आणला. उंच टोपी, गुळगुळीत जीभ. त्यानं आठवडाभर आमचं मटण हाणलं आणि शोध लावला, की आजोबांचं नाव तेझेकबाय नव्हतंच. ते होतं तेझबेक. तेझ म्हणजे वेगवान, बेक म्हणजे सरदार. शत्रूंनी मत्सरानं ते बिघडवलं. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात, ते असे. वेशीवर दगडी घोडा उभा राहिला आणि त्यावर तलवार उपसलेला सासरा. त्या म्हाताऱ्यानं ते पाहिलं असतं तर आधी 'मला खाली उतरवा' म्हणून बोंब ठोकली असती.

नुसत्या दगडानं नाव चालत नाही, हे अर्झिमातला ठाऊक होतं. त्यानं जाहीर केलं, जो मुलाचं नाव तेझबेक ठेवील त्याला एक शिंगरू. झालं! अशी नावं पिकली, असं गवतसुद्धा पिकत नाही. एकानं मिसरूड फुटलेल्या पोराचं नाव बदलून घेतलं. एक जण मुलगी काखेत घेऊन आला आणि विचारतो, "तेझबेकगुल चालेल का?" कुणाला आजोबाही नको होते, सरदारही नको होता. सगळ्यांचा डोळा शिंगरावर.

त्याच वसंतात आमच्या घरी बाळ आलं. माझा नातू मकसात, त्याची बायको बेगाइम, आणि हे तिचं तिसरं. आधीचे दोन मुलगे गेले होते. बाळाला अजून नाव नव्हतं. बेगाइम त्याला कोणाला दाखवत नव्हती, स्वतःही धड बघत नव्हती. एका सकाळी मी धार काढत होते, तर गोठ्यात येऊन उभी राहिली.

"एने," ती मला म्हणाली, सगळे मला एनेच म्हणतात, "मला ते नाव हवंय."

"कुठलं गं?"

"चुलीच्या घासाचं. पणजेसासऱ्यांचं खरं. शिंगराचं नको."

"मकसातला बोललीस?"

"बोलले. ते म्हणतात, जीपवाल्यांच्या कानावर गेलं तर ते मला ट्रकवरून उतरवतील." जीपवाले म्हणजे अर्झिमात; मकसात त्याचाच ट्रक चालवतो. तो तिच्या सासरचा मोठा, त्याचंही नाव तिला घेता येत नाही. "एने, पहिल्याचं नाव आर्स्तान ठेवलं. सिंह! दुसऱ्याचं नुरसुलतान. केवढी शोभेची नावं ती. मरणाला शोभेचंच आवडतं. या वेळी मला शेण हवंय."

मी गाईच्या पोटाला कपाळ टेकून रडले. नंतर इतका राग आला, की बादली लाथाडावीशी वाटली. ज्या नावानं एक पोर जगवलं, ते नाव या टोपीवाल्यांनी धुऊन पुसून दिवाणखान्यात मांडलं. धुतलेलं शेण कसलं रक्षण करणार?

दुपारी अर्झिमात स्वतः आला. "एने, परवा मेजवानी आहे. बाळाचं नाव तिथंच, चारचौघांत ठेवू. तेझबेक. घरच्यांनीच ठेवलं नाही तर लोक काय म्हणतील?"

"लोक आत्ता काय म्हणतात ते ऐकलंयस?"

"मकसात चांगला ड्रायव्हर आहे, एने," तो हसत म्हणाला. "चांगलाच राहू दे."

मेजवानीला घोडा कापला होता. घोडीच्या आंबवलेल्या दुधाच्या, कुमिसच्या चरव्या, तळलेल्या बोरसोकांचे ढीग, आणि पुरुषांच्या पंगतीत टोपीवाला सगळ्यात मऊ गादीवर, शेजारी गावचे मौलवी. अर्झिमात उठला. "आणि या आमच्या एने! आजोबांची हयात असलेली एकुलती एक सून. यांनी जन्मात कधी त्यांचं नाव उच्चारलं नाही. याला म्हणतात आदर!" टाळ्या पडल्या. पठ्ठ्यानं मला साक्षीला उभं केलं होतं, कारण साक्षीदार बोलूच शकत नव्हता. पलीकडे बेगाइम बाळाला छातीशी आवळून खाली बघत होती. आणि तिथंच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

"अर्झिमात," मी म्हटलं, "मी अडाणी बाई. एवढं नीट सांग. माझ्या सासऱ्यांचं नाव वेगवान सरदार, खरं?"

"खरं!"

"चुलीत जळतं त्याच्याशी काही संबंध?"

"अजिबात नाही! तो शब्द आपल्या घराण्याचा नाहीच."

"भाकरीवर हात ठेवून सांग."

त्यानं भाकरीवर हात ठेवून सांगितलं. दोनदा. माणसं ऐकत होती ना.

मी मौलवींकडे वळले. "मौलवीसाहेब, जो शब्द सासऱ्यांच्या नावात नाहीच, तो सुनेला मोकळा की नाही?"

मौलवींनी दाढी कुरवाळली. "नावात नाही तर बंदी कसली? मोकळा."

"तेझेक," मी म्हणाले.

पन्नास वर्षं दातांत अडकलेलं निघालं. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. "तेझेक! तेझेक थापते मी, बायांनो, तेझेक!" मग बायकांच्या पंगतीत माझ्या मोठ्या जावेची सून फिसकन हसली आणि म्हणाली, "तेझेक." मग तिची शेजारीण. मग सगळ्याच, म्हाताऱ्या, तरण्या, दोन दातांच्या, लाजून, हसून, एकमेकींना कोपरं मारत. अर्झिमातचा चेहरा उकडलेल्या बीटासारखा झाला. पण हात भाकरीवर ठेवून बसला होता, बोलणार काय?

"बाळाचं नाव!" तो कसाबसा ओरडला.

"ठेव की. तेझबेकच ठेव," मी म्हटलं.

मौलवींनी बाळाच्या कानात तीनदा नाव सांगितलं. बेगाइमनं माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला एका शिंगरापायी विकलं. मी तिच्याजवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "सूनबाई, आजपासून तुझ्या पणजेसासऱ्यांचं नाव तेझबेक. भाकरीवर हात ठेवून सांगितलंय. आता ते तुला घेता येणार नाही. पोराला दुसरं काहीतरी म्हणावं लागेल. एक शब्द आत्ताच मोकळा झालाय बघ."

तिला कळायला क्षणभर लागला. मग तिनं ओठ बाळाच्या कानाला लावले. काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, पण तिचे खांदे सैल पडलेले दिसले.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही गोठ्यामागच्या ढिगावर त्याला नेऊन ठेवलं. "अगं बाई, हे शेणात काय पडलंय?" म्हणत मी उचललं, आणि तिनं वाडगाभर साय देऊन माझ्याकडून घेतलं. मकसातचा ट्रक राहिला. दाखल्यावर तेझबेक लिहिलेलं, अर्झिमातनं बोट ठेवायचं कुठे?

आणि इतर तेझबेकांच्या आया? त्याही याच कुळाच्या सुना. त्यांनाही पोराला नावानं हाक मारता येईना. दुसरा शब्द शोधायचे कष्ट कोण घेतंय? बेगाइमनं काढलेला होताच.

मागच्या शरदात अर्झिमातनं राजधानीतून पाहुणे आणले, दगडी घोडा दाखवायला. संध्याकाळ होती, मेंढरं परतत होती, आणि दारादारांतून बायका ओरडत होत्या, "तेझेक! घरी ये रे! तेझेक, पाय धू आधी!"

"या काय ओरडतायत?" पाहुण्यानं विचारलं.

"सरपण गोळा करतात," अर्झिमात म्हणाला.

तेवढ्यात आमचं कार्टं धावत आलं. नाक गळतंय, गुडघे फुटलेले, दगडी घोड्याच्या पायाला लोंबकळलं. पाहुणा खाली वाकला. "नाव काय रे तुझं, शूरा?"

"तेझेक!" ते छाती काढून म्हणालं.

पाहुणा अर्झिमातकडे बघू लागला. अर्झिमात दगडाकडे. आणि मागून बेगाइम आली, तिनं नाव पुन्हा एकदा खणखणीत घेतलं आणि पोराला कडेवर उचललं. ते आता चौथ्या वर्षात आहे. तिला ते उचलवत नाही, तरी उचलते.